पीजेच्या वाटेनं सायकल

कोळशाच्या मालगाड्या आणि भुसावळचं जंक्शन यांच्या शेजारी राहणाऱ्या दीपनगरकरांना रेल्वेचं अप्रूप नाही. तरीही आपल्या जळगाव जिल्ह्यातली एक रेल्वे अशी आहे, की तिच्या कडेकडेनं सायकलवर जाण्यासाठी हिवाळ्यातले एक-दोन रविवार जरूर राखून ठेवावेत. ती म्हणजे पाचोरा-जामनेर नॅरोगेज. साऱ्या पट्ट्यात तिला ‘पीजे’ म्हणतात. पहिलं महायुद्ध संपता संपता, १९१८-१९ च्या सुमारास ती सुरू झाली. ५६ किलोमीटरच्या या मार्गावर तिनं शंभर वर्षं शेतकरी, शाळकरी मुलं, बाजारकरी आणि लेकुरवाळ्या माहेरवाशिणींची ने-आण केली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ती थांबली आणि नॅरोगेज म्हणून पुन्हा धावली नाही. आता हा मार्ग ब्रॉडगेज करून जामनेरहून पुढे बोदवडला जोडायचा, असा ८४ किलोमीटरचा प्रकल्प मंजूर झाला आहे.

परदेशात बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर सायकलवाटा झाल्याचे व्हिडिओ आपण मोबाइलवर पाहतो. तशी तयार वाट खान्देशात आज नाही. पण पीजेची स्थानकं असलेली गावं रस्त्यांनी एकमेकांना जोडलेली आहेत. त्या रस्त्यांनी स्थानक ते स्थानक सायकल चालवली, तर जुन्या रेल्वेचा सगळा प्रवास कायदा न मोडता आणि जीव धोक्यात न घालता अनुभवता येतो. तो कसा करायचा, याचं हे मार्गदर्शन.

आधी नियम, मग पॅडल

गाडी बंद झाली म्हणून जमीन मोकळी झाली, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. रूळ उखडलेले असोत वा नसोत, भराव, पूल, स्थानकाची इमारत आणि दोन्ही बाजूंची पट्टी ही रेल्वेचीच मालमत्ता राहते. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार तिथं विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतं.

दुसरी गोष्ट आठवणीच्या वस्तूंची. गंजलेला खिळा, फिशप्लेट, लोखंडी स्लीपरचा तुकडा ‘असाच पडला होता’ म्हणून पिशवीत टाकू नका. रेल्वेच्या मालमत्तेचा बेकायदा ताबा हा १९६६ च्या स्वतंत्र कायद्याखाली गुन्हा आहे आणि पहिल्याच खेपेला पाच वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद त्यात आहे. घरी न्यायचा असेल तर फोटो न्या.

कायदा बाजूला ठेवला तरी रुळांमधून सायकल चालवण्यात सुख नाही. खडी मुठीएवढी असते, चाक तिच्यात रुततं. स्लीपरवरून जाताना हाडं खिळखिळी होतात. सगळ्यात मोठा धोका पुलांचा. रेल्वेच्या लहान पुलांवर बऱ्याचदा फळी किंवा कठडा नसतो. स्लीपरमधल्या फटींतून थेट खाली नाला दिसतो. तिथं सायकल हातात धरून चालणंसुद्धा जिवाशी खेळ आहे. शिवाय ब्रॉडगेजच्या कामासाठी डंपर, पोकलेन येत-जात असतील तर ती जागा सहलीची राहत नाही.

दीपनगरच्या वीज केंद्राकडे जाणारी कोळशाची साइडिंग तर चालू मार्ग आहे. तिच्या आसपास सायकल, सेल्फी, शॉर्टकट यांपैकी काहीही नको.

रेल्वेची वाट सायकलला का मानवते?

इंजिनाला चढ सोसत नाही. म्हणून रेल्वे बांधणारे अभियंते टेकडीला वळसा घालतात, खोलगट जागी भराव टाकतात, उंचवटा कापून काढतात. शंभर मीटर अंतरात एक मीटर उंची, एवढा चढही रेल्वेच्या हिशेबात दखल घेण्याजोगा असतो. सायकलस्वाराला तो जेमतेम जाणवतो. जगभर जुन्या रेल्वेमार्गांवर आजी-आजोबा आणि लहान मुलं दिवसभर सायकल चालवू शकतात, ते यामुळेच.

पीजेच्या बाबतीत भूगोल समजून घेतला तर प्रवास सोपा होतो. दक्षिणेला अजिंठ्याची डोंगररांग आहे. तिथून निघणाऱ्या नद्या-नाले उत्तरेकडे गिरणा-तापीच्या खोऱ्यात उतरतात. पीजेचा मार्ग डोंगराला साधारण समांतर आहे, त्यामुळे वाटेत हे पाण्याचे प्रवाह आडवे येतात. रेल्वेनं ते पूल आणि भराव टाकून सपाटीवर ओलांडले. रस्ता मात्र अनेक ठिकाणी नाल्यात उतरतो आणि पुन्हा चढतो. म्हणून रस्त्यानं जाताना छोटे-छोटे उतार-चढ लागणार, हे गृहीत धरा. उताराचा वेग पुढच्या चढाला वापरा आणि चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाका. गिअरची सायकल नसेल तर चार पावलं उतरून चाला, त्यात कमीपणा नाही.

रस्त्यावरून जुना मार्ग ओळखायला नजर तयार करावी लागते. शेतांच्या बांधांना एक बेशिस्त असते. ते कुठंही वळतात, कुठंही तुटतात. रेल्वेचा भराव मात्र एकाच उंचीनं दूरवर जातो आणि वळला तरी सावकाश, एकसारख्या गोलाईनं वळतो. त्याच्या दोन्ही अंगांना बाभळी माजलेल्या असतात. मधेच दगडी मोरी दिसते. हद्दीला गाडलेले खांब निरखून पाहिले, तर कधी ते जुन्या रुळाचेच तुकडे निघतात. एकदा ही खूण पटली की रस्त्यावरून जाताना मार्ग डावीकडे आला, उजवीकडे गेला, हे न विचारता कळू लागतं. मुलं बरोबर असतील तर हा खेळ त्यांच्यावर सोपवा.

मोसम आणि वेळ

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंतचा काळ उत्तम. मार्चपासून दुपारचं ऊन सोसवत नाही आणि भुसावळच्या मे महिन्याबद्दल आपल्याला कुणी सांगायला नको. उन्हाळ्यात हा प्रवास करूच नका. पावसाळ्यात हिरवाई सुंदर असते, पण काळ्या मातीच्या शिवाररस्त्यावर पाऊल टाकलंत की चाक आणि मडगार्ड यांच्यात गाळ घट्ट बसतो आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पावसाळ्यात जायचंच असेल तर डांबरी रस्ता सोडू नका आणि फरशीवरून पाणी वाहत असेल तर थेट मागं फिरा.

सकाळी उजेड फुटताच निघा आणि अकराच्या आत मुख्य अंतर संपवा. सकाळी जामनेरकडून पाचोऱ्याकडे गेलात तर सूर्य पाठीशी राहतो आणि अजिंठ्याची रांग डाव्या हाताला दिसत राहते. मात्र त्याच वेळी समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर ऊन असतं, त्यामुळे त्याला तुम्ही दिसालच असं नाही. अंगात पिवळा किंवा भगवा भडक शर्ट हवा आणि पुढचा दिवा दिवसाही चालू ठेवा.

सायकल कोणती, तयारी काय?

महागडी सायकल लागत नाही. घरातली साधी काळी सायकलही चालेल, फक्त ब्रेक, चेन आणि बेअरिंग नीट हवेत. नवी घेणार असाल तर ३५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायरची घ्या. अगदी बारीक टायरची रेसिंग सायकल या रस्त्यांवर त्रास देते.

खान्देशात सायकलचा खरा शत्रू काटा. बाभळीचा काटा आणि जमिनीवर पसरलेला सराटा, दोन्ही टायर सहज भेदतात. त्यासाठी टायर आणि ट्यूबच्या मध्ये पट्टी, म्हणजे लायनर बसवून घ्या. रस्त्याकडेच्या गवतात सायकल आडवी टाकू नका, डांबरावर स्टँडला लावा. पंक्चर झालंच तर नुसती ट्यूब जोडून भागत नाही, आत अडकलेलं टोक शोधावं लागतं. नुसत्या बोटांनी टायर चाचपाल तर बोट फाटेल. आपल्या भागात कापसाला तोटा नाही. कापसाचा बोळा घेऊन टायरच्या आतून सावकाश फिरवा. जिथं तंतू अडकतील तिथं काटा आहे. चिमट्यानं तो बाहेरून ओढून काढा, बोळा पुन्हा एकदा फिरवा आणि मगच ट्यूब बसवा. हे काम घरी एकदा करून पाहा. ऐनवेळी उन्हात शिकायला गेलात तर चिडचिड होते.

सोबत काय घ्याल:

- जादा ट्यूब, पॅच, सोल्युशन, छोटा पंप, टायर लिव्हर, चाकाच्या नटाचा पाना
- पुढचा-मागचा दिवा, रिफ्लेक्टर, मोठ्यानं वाजणारी घंटी
- हेल्मेट, उपरणं किंवा बागायतदार रुमाल
- माणशी किमान दोन लिटर पाणी, मीठ-साखर-लिंबू
- केळी, गूळ-शेंगदाणे
- प्रथमोपचाराचं साहित्य, रोख सुटे पैसे, चार्ज केलेला मोबाइल आणि आधीच उतरवून घेतलेला नकाशा

तातडीला ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक प्रत्येकाला तोंडपाठ हवेत.

सरावाची घाई करू नका. दीपनगर वसाहतीतल्या शांत रस्त्यांवर दोन-तीन आठवडे रोज अर्धा-पाऊण तास चालवा. सलग वीस किलोमीटर चालवून दुसऱ्या दिवशी अंग दुखलं नाही, की पीजेचा विचार करायला हरकत नाही.

दीपनगरहून कसं पोहोचाल?

दीपनगर ते भुसावळ हा राष्ट्रीय महामार्ग ५३ चा तुकडा सायकलसाठी सगळ्यात अवघड आहे. ट्रक, राखेचे बल्कर आणि कडेला साठलेली बारीक राख, तिन्ही एकदम भेटतात. इथं सेवारस्ता मिळेल तिथं तोच धरा, नाका-तोंडावर रुमाल बांधा आणि एकामागे एक चाला. लहान मुलं असतील तर हा तुकडा सायकलवर करूच नका.

भुसावळहून जामनेर साधारण ३५ ते ४० किलोमीटर आहे. सवय असलेल्यांनी हे अंतर पहाटे निघून सायकलवरच कापावं. बाकीच्यांनी चार-पाच जणांत मिळून एखादा छोटा हत्ती ठरवावा. सायकली उभ्या लावून मध्ये गोणपाट द्या आणि दोरीनं बांधा. पाचोऱ्यात तोच टेम्पो बोलवून घेतला तर परतीची चिंताच राहत नाही.

रेल्वेनं परतायचं असेल तर पाचोरा मुंबई-भुसावळ मुख्य मार्गावर आहे. पण सायकल डब्यात नेता येत नाही, ती पार्सल कार्यालयात नोंदवून ब्रेकव्हॅनमध्ये चढवावी लागते. तुमच्या गाडीचा थांबा तेवढा आहे का आणि त्या वेळी नोंदणी होते का, हे आदल्या दिवशी स्थानकावर जाऊन किंवा १३९ वर विचारून पक्कं करा.

तीन टप्पे

*जामनेर ते पहूर, सुमारे पंधरा किलोमीटर.* वाटेत भागदराचं स्थानक होतं. रस्ता मोकळा शिवारातून जातो. दोन्ही बाजूंना कपाशी, मका आणि हरभरा. नोव्हेंबर-डिसेंबरात कापसानं फुगलेल्या ट्रॉल्या जातात. त्यांचा कापूस दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेला असतो आणि चालकाला मागचं काही दिसत नाही. ट्रॉली मागून आली तर कडेला थांबून तिला जाऊ द्या. पुढे असेल तर तिला ओलांडायच्या फंदात पडू नका.

*पहूर ते शेंदुर्णी, दहाएक किलोमीटर.* नवख्यांनी आणि मुलांनी इथूनच सुरुवात करावी. पहूर जळगाव-छत्रपती संभाजीनगर महामार्गावर आहे, त्यामुळे चौफुलीवर वाहनांची घाई असते. तिथं सायकलवरून उतरून, हातात धरून रस्ता ओलांडा. चहा-नाश्त्याची सोय इथं नक्की होते. गावाजवळून वाहणारी वाघूर ही अजिंठ्याच्या लेण्यांखालून आलेली नदी. ज्यांच्याकडे दुसरा दिवस आहे त्यांनी मुक्काम करून फर्दापूरमार्गे लेणी पाहावीत, मात्र महामार्गाचा तो भाग टेम्पोनंच करावा.

शेंदुर्णीत त्रिविक्रमाचं मंदिर आहे. संत कडोबा महाराजांच्या नावानं ओळखलं जाणारं हे स्थान खान्देशात प्रतिपंढरपूर मानलं जातं. हा विसाव्याचा योग्य मुक्काम. कार्तिकातल्या रथोत्सवाच्या दिवसांत मात्र गर्दीतून सायकल काढणं कठीण, ते दिवस टाळा किंवा सायकल घरी ठेवून दर्शनालाच या.

*शेंदुर्णी ते पाचोरा, सुमारे तीस किलोमीटर.* पिंपळगाव आणि वरखेडी ही या टप्प्यातली जुनी स्थानकं. हा सगळ्यात लांब आणि उन्हात जाणारा भाग. दर पाऊण तासाला सावलीत थांबा. तहान लागण्याची वाट न बघता दोन घोट पाणी घ्या. डोकं दुखू लागलं, घाम येईनासा झाला किंवा मळमळलं, तर तिथंच प्रवास थांबवा, ओला रुमाल मानेवर ठेवा आणि गाडी बोलवा.

तिन्ही टप्पे एका दिवसात करण्याची जिद्द सराव असलेल्यांनी धरावी. इतरांनी एका रविवारी एक टप्पा करावा. पीजे स्वतः सावकाश जाणारी गाडी होती, तिच्या वाटेवर घाई शोभत नाही.

गावात वागणं

स्थानक दिसलं की आत शिरू नका. बाहेर कुणी कामावर असेल तर ‘राम राम’ करून विचारा, परवानगी मिळाली तरच आत जा. पारावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला ‘बाबा, तुम्ही पीजेनं जायचे का?’ एवढंच विचारलंत तरी चहा सांगितला जातो आणि गोष्टी सुरू होतात. तिकीट किती होतं, कुठल्या बाजाराला गाडी भरायची, पावसात कुठं अडकायची. त्यांना विचारून हे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवा. ब्रॉडगेज पूर्ण झाल्यावर या मार्गाचं जुनं रूप अशाच नोंदींत उरणार आहे. शेतातून वाट काढू नका, उभ्या पिकाला हात लावू नका आणि केळीची साल-पाण्याची बाटली परत पिशवीत घाला.

महाराष्ट्रातले इतर जुने मार्ग

पीजे झाली की मूर्तिजापूरकडे बघा. तिथून यवतमाळ आणि अचलपूर अशा दोन दिशांना जाणारी ‘शकुंतला’ नॅरोगेज बंद पडून आहे. तिच्या कडेच्या गावांमधूनही असाच प्रवास करता येईल, आणि मूर्तिजापूर भुसावळ-नागपूर मार्गावरच आहे. अकोला-खंडवा मीटरगेजचा धुळघाटचा सर्पिल मार्ग अभियांत्रिकीचा नमुना असला तरी तो मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून जातो. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. बोरघाटात गाडीची दिशा उलटवणारं जुनं रिव्हर्सिंग स्थानक १९२९ मध्ये वापरातून गेलं, त्याच्या खुणा खंडाळ्याकडे आजही दाखवल्या जातात.

खरी सायकलवाट हवी असेल तर

अमेरिकेत विस्कॉन्सिनमधली एलरॉय-स्पार्टा ही वाट १९६० च्या दशकात जुन्या रेल्वेमार्गावर झाली. १९८३ मध्ये तिथं कायद्यात अशी सोय केली गेली, की न वापरात असलेला मार्ग सायकलवाट म्हणून वापरायचा, पण पुढे रेल्वेला लागला तर तो परत द्यायचा. जमीन तुटक-तुटक विकली जाण्यापासून त्यामुळे वाचली. ज्यांची मुलं पिट्सबर्गला आहेत, त्यांनी तिथली ग्रेट अलेगेनी पॅसेज ही सुमारे २४० किलोमीटरची वाट एकदा पाहून यावी. न्यूझीलंडमध्ये ओटागो सेंट्रल मार्ग १९९० मध्ये बंद झाला आणि २००० मध्ये सुमारे १५० किलोमीटरची सायकलवाट म्हणून पूर्ण झाला. तिच्यामुळे ओस पडत चाललेल्या खेड्यांत खाणावळी आणि घरगुती मुक्काम सुरू झाले.

पीजे पुन्हा रेल्वेच होणार आहे, हे चांगलंच आहे. गावांना गाडी हवीच. पण नॅरोगेजच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, ब्रॉडगेजचं १६७६. मोठ्या गाडीला आखूड वळणं चालत नाहीत, ती सरळ करावी लागतात. जिथं नवा मार्ग जुना भराव सोडेल, तिथं जुन्या वळणाचे तुकडे मागं राहतील. सायकलवाटेची मागणी याच तुकड्यांसाठी करता येईल.

त्यासाठी तीन कामं आपल्या हातातली आहेत. पहिलं, माहिती अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून नव्या आखणीचा नकाशा मागा आणि जुना मार्ग कुठं सुटतो ते शोधा. दुसरं, त्या गावच्या ग्रामसभेत ठराव मांडा. रेल्वेला गरज पडल्यास जागा परत देऊ, हे त्यात स्पष्ट लिहा. तिसरं, ठराव, नकाशा आणि तुम्ही घेतलेले फोटो जोडून भुसावळच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांकडे निवेदन द्या आणि त्याची पोच घ्या. एकट्या माणसाच्या अर्जापेक्षा शाळा, सायकलप्रेमी आणि ग्रामपंचायत यांच्या संयुक्त निवेदनाला वजन असतं.

दोन-तीन किलोमीटरचा एक तुकडा जरी मिळाला, तरी शाळेत सायकलनं जाणाऱ्या मुलींना कापसाच्या ट्रॉल्यांपासून दूर, सपाट आणि सुरक्षित वाट मिळेल. पण ज्या वाटेनं आपण कधी गेलोच नाही, तिची मागणी आपल्याला नीट मांडता येणार नाही. म्हणून या हिवाळ्यात आधी पहूर ते शेंदुर्णी करा. घरातल्या लहानांना सोबत घ्या, फोटो काढा, आठवणी नोंदवा. ग्रामसभेत उभं राहून बोलायला लागणारी निम्मी माहिती त्या दहा किलोमीटरमध्येच मिळेल.